एक गुंठा, दर पाच दिवसांनी

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. या जिल्ह्याच्या शिवाराची, नद्यांची आणि तलावांची आकाशातून होणारी नोंद मात्र त्याहून जुनी आहे. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडला. त्याच पावसाळ्यात महाराष्ट्र दुष्काळाच्या तोंडाशी उभा होता. भारताचा आयआरएस-१ए १७ मार्च १९८८ रोजी कक्षेत गेला. आज युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी दर पाच दिवसांनी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, कयाधू नदीच्या खोऱ्यावरून जाते आणि तिने टिपलेले चित्र जगातल्या कोणालाही विनामूल्य मिळते. एवढी माहिती साठत असताना गावपातळीवरच्या निर्णयांत तिचा उपयोग तुटपुंजा आहे, आणि जिथे होतो तिथे तो गावाच्या नजरेआड होतो. दूरसंवेदनाचे कौतुक करणाऱ्यांना वाटते की आता जमिनीवर फिरण्याची गरज उरली नाही. त्यावर अविश्वास दाखवणाऱ्यांना वाटते की आकाशातल्या यंत्राला आमच्या बांधावरचे काय कळणार. हिंगोलीची माती, पिके आणि पाणी नीट पाहिले तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. उपग्रहाची नोंद जितकी बारीक होते आहे, तितकी जमिनीवरच्या मोजणीची गरज वाढते आहे. आणि ही मोजणी गावाच्या साक्षीने झाली तरच त्या नोंदीला पुराव्याचे बळ येईल.

सेंटिनेल-२ जे चित्र टिपतो त्यातला सर्वात लहान चौकोन दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे शंभर चौरस मीटरांचा असतो. आपला एक गुंठा १०१ चौरस मीटरांचा. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर हा उपग्रह गुंठ्या-गुंठ्याने पाहतो, एकरात चाळीस ठिपके मोजतो. लँडसॅटचा ठिपका नऊ गुंठ्यांचा. आपल्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा साडेपाच गुंठ्यांच्या आसपासचा, तर त्याच उपग्रहावरच्या एविफ्स कॅमेऱ्याचा ठिपका पाऊण एकराहून थोडा मोठा. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण ‘उपग्रहाला दिसते’ किंवा ‘उपग्रहाला दिसत नाही’ हे वाक्य कोणता ठिपका ते सांगितल्याशिवाय अर्थहीन असते. पाऊण एकराच्या ठिपक्यावर काढलेला निष्कर्ष तालुक्यासाठी उत्तम असू शकतो आणि दीड एकराच्या शेतकऱ्यासाठी निरुपयोगी.

प्रत्येक ठिपक्यातून उपग्रह मोजतो तो परत आलेला प्रकाश. हिरवे, निरोगी पान सूर्यप्रकाशातला तांबडा भाग अन्न तयार करण्यासाठी शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त भाग मोठ्या प्रमाणात परतवते. उघडी काळी माती दोन्ही कमीच परतवते आणि त्यांत फारसा फरक ठेवत नाही. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ गिळून टाकते, म्हणून तलाव त्या चित्रात काळेभोर दिसतात. अवरक्त आणि तांबड्या प्रकाशातल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की जो आकडा येतो त्याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. पीक जसे भरत जाते तसा हा आकडा चढतो, पिवळे पडू लागले की उतरतो. एका दिवसाच्या आकड्याला फार किंमत नसते. वर्षभराचे आकडे ओळीने मांडले की मात्र शेताचा इतिहास समोर येतो.

वसमत आणि कळमनुरीकडची हळद हे याचे चांगले उदाहरण आहे. ‘वसमत हळदी’ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हळदीसाठीचे राज्याचे संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे, तेव्हा जिल्ह्यात हळद नेमकी किती आणि कुठे हा प्रश्न व्यापाराच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे. ऑगस्टमधल्या एका चित्रात हळद आणि सोयाबीन दोन्ही नुसती हिरवीगार दिसतात. पण सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास उरकते. सप्टेंबरअखेरपासून त्याची पाने गळतात, ऑक्टोबरात काढणी होते, आणि त्या ठिपक्यांचा आकडा खाली कोसळून काळ्या मातीपाशी येतो. हळद मात्र नोव्हेंबरातही भरलेली असते, डिसेंबर-जानेवारीत हळूहळू पिवळी पडते आणि पुढे तिची काढणी सुरू होते. ऊस आणि केळी वर्षभर हिरवी राहतात. म्हणजे ऑक्टोबरात न कोसळणारे आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत रिकामे होणारे ठिपके शोधले की हळदीचा नकाशा उभा राहू लागतो. इथवर सगळे सरळ आहे. अडचण तुरीची येते. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घेणारे शेत ऑक्टोबरानंतरही हिरवे राहते, कारण सोयाबीन निघाल्यावर तूर मोकळ्या जागेत पसरते. यंत्राला ते कधी हळदीसारखे वाटते, कधी विरळ उसासारखे. हा गोंधळ आणखी महाग कॅमेऱ्याने पूर्ण सुटत नाही. तो सुटतो काही शेकडो शेतांत जाऊन, तिथे काय आहे ते लिहून, त्या नोंदींवरून यंत्राला शिकवल्याने. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशांसह नोंदवतो. सातबाऱ्यापुरती समजली जाणारी ती नोंद खरे तर राज्यातला सर्वात मोठा जमिनीवरचा पुरावा ठरू शकते. ती घाईने किंवा दुसऱ्याच शेतात उभे राहून भरली गेली तर सातबारा चुकतोच, शिवाय तिच्यावर शिकलेला नकाशाही चुकतो.

भारतात दूरसंवेदनाची सुरुवात पिकाच्या रोगापासून आणि विमानी नजरेतून झाली. डॉ. पी. आर. पिशरोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून नारळाच्या बागांचे अवरक्त चित्रण करून मर रोगाची झाडे वेगळी दिसतात का हे तपासले. पुढे आयआरएस मालिका आली, हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र वाढले, आणि महाराष्ट्राने १९८८ मध्येच नागपूरला स्वतःचे सुदूर संवेदन उपयोजन केंद्र काढले. साधने आणि माणसे राज्याकडे नाहीत असे म्हणायला त्यामुळे जागा नाही.

पाण्याच्या बाबतीत उपग्रहाची नजर सर्वात स्वच्छ असते, कारण पाणी आणि जमीन यांच्यातली सीमा अवरक्त चित्रात ठसठशीत उमटते. पैनगंगेवरचे इसापूर धरण यवतमाळ आणि हिंगोलीच्या सीमेवर आहे आणि त्याचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि तिच्याखाली औंढा तालुक्यातले सिद्धेश्वर. ही दोन्ही धरणे १९६८ च्या सुमारासची. बांधताना प्रत्येक धरणाचा तक्ता तयार केलेला असतो: पाण्याची पातळी अमुक असेल तर पाण्याचा पसारा इतका आणि साठा इतका. दरवर्षी नद्या गाळ आणतात, तळ भरत जातो, पण रोजच्या बातमीतला टक्का मोजायचा तो त्या तक्त्यावरूनच. गाळ मोजायची जुनी पद्धत म्हणजे बोटीतून दोर किंवा ध्वनियंत्राने तळ चाचपणे. तिला वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. उपग्रहाची पद्धत साधी आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते. तिथून उन्हाळ्यापर्यंत पातळी जसजशी उतरते तसतशी पाण्याची कड आत सरकते. प्रत्येक चित्रातला पसारा मोजायचा, त्या दिवशीची पातळी धरणावरच्या नोंदवहीतून घ्यायची, आणि त्याच पातळीला मूळ तक्त्यात पसारा किती होता ते पाहायचे. जिथे आज पसारा कमी भरतो तिथे मधल्या काळात गाळ बसला. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत राज्यातल्या धरणांसाठी असे काम झालेले आहे.

या पद्धतीतही जमीन सुटत नाही. पातळीची पट्टी ज्याने वाचली त्याने ती बरोबर वाचली असेल तरच हिशेब बरोबर येतो. पाणी ज्या पातळीच्या खाली उतरलेच नाही तिथला गाळ उपग्रहाला दिसत नाही. म्हणून धरण तळ गाठते ते दुष्काळी साल गाळ मोजायला सर्वात चांगले. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून आहे. कोणत्या तलावातून किती गाळ निघाला याचा वाद दर उन्हाळ्यात होतो. पाझर तलावातला गाळ खरोखर निघाला असेल तर पुढच्या वर्षी त्याच पावसात तिथे पाणी अधिक काळ टिकायला हवे, आणि ते जानेवारीपर्यंत टिकले की मार्चपर्यंत, हे दर पाच दिवसांच्या चित्रातून अर्ध्या एकराच्या तलावाचेही सांगता येते. कामाच्या दिवशी काढलेल्या फोटोपेक्षा हा पुरावा कितीतरी भक्कम आहे. एक मर्यादा मात्र इथेही आहे. कयाधूच्या पात्रातले चार-पाच मीटरांचे डोह या ठिपक्यात मावत नाहीत, त्यामुळे नदी पुन्हा वाहती करण्यासाठी झटणाऱ्यांना उन्हाळ्यात काठाने चालावेच लागेल.

पहिला मोठा आक्षेप ढगांचा, आणि तो पूर्ण खरा आहे. खरिपाचा सारा खेळ जून ते सप्टेंबर या काळात होतो आणि नेमके तेव्हाच आभाळ झाकलेले असते. आठ-दहा फेऱ्या कोऱ्या गेल्या तर पेरणी कधी झाली, पावसाने उघडीप दिली तेव्हा पिकाने मान कधी टाकली, हे प्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला कळत नाही. यावरचा उपाय रडार आहे. अंधारात विजेरीचा झोत टाकून पाहावे तसा रडारचा उपग्रह स्वतःच लहरी सोडतो आणि परत आलेल्या लहरींवरून चित्र उभे करतो. त्याला ढग आडवे येत नाहीत, रात्रही आडवी येत नाही. युरोपचा सेंटिनेल-१ २०१४ मध्ये, आपला रिसॅट-१ २०१२ मध्ये आणि ईओएस-०४ १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासाचा निसार गेला. बारा मीटर व्यासाची जाळीदार अँटेना असलेला हा उपग्रह दर बारा दिवसांत प्रत्येक जागा दोनदा पाहील अशी त्याची आखणी आहे. त्याची एक लहर सुमारे चोवीस सेंटिमीटर लांबीची आहे. सोयाबीनचे पान त्या लांबीपुढे लहान असल्याने लहर पाल्यातून आरपार खोडांपर्यंत आणि मातीपर्यंत पोचते, आणि परतताना मातीतल्या ओलाव्याची खूण घेऊन येते. पावसाळ्यात काळ्या रानात ओल किती, हा इथल्या शेतीतला मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर महसूल मंडळनिहाय मिळू लागले तर दुबार पेरणीचा सल्ला अंदाजावर द्यावा लागणार नाही.

तरीही रडारने सगळे भागेल असे मानणे चूक. १ आणि २ सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या हजारो शेतांत पाणी शिरले. रडारच्या चित्रात संथ पाणी काळे दिसते, कारण त्यावर पडलेली लहर आरशावरून जावी तशी दूर निघून जाते. पण कमरेएवढ्या पिकात साचलेले पाणी वेगळे वागते. तिथे लहर पाण्यावरून खोडावर आणि खोडावरून परत उपग्रहाकडे येते, त्यामुळे तेच शेत काळे दिसण्याऐवजी उजळ दिसू शकते. शिवाय कयाधूसारख्या छोट्या नदीचा पूर काही तासांत चढतो आणि दुसऱ्या दिवशी ओसरतो. त्या वेळी उपग्रह वरून गेलाच नसेल तर चित्रात पूर सापडणार नाही, आणि चित्रात सापडला नाही म्हणून तो आला नाही असे कोणी म्हणत असेल तर ती शास्त्राची साक्ष नव्हे, शास्त्राचा गैरवापर आहे. पुरानंतर जे दिवसेंदिवस टिकते ते उपग्रह चांगले सांगतो: कोणत्या पट्ट्यातले पीक पुढच्या पंधरा दिवसांत पिवळे पडले, कुठली माती खरवडून गेली, नदीने कुठे पात्र बदलले. पंचनामा आणि चित्र एकमेकांच्या जागी बसत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांच्या मनातला आहे आणि त्यात भीती आहे. उपग्रहाचा आकडा दाखवून विम्याची भरपाई नाकारली तर दाद कुठे मागायची? प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजात तंत्रज्ञानावर आधारित आकड्याला किमान ३० टक्के वजन देणे सुरू झाले आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनही त्यात आले. हिंगोली हा सोयाबीनचा जिल्हा. तेव्हा ही भीती हवेतली नाही. बाजू दोन्हीकडून तपासली पाहिजे. पीक कापणी प्रयोगात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापतात, मळतात आणि तोलतात. महसूल मंडळ हे एकक असेल तर असे किमान दहा प्रयोग अपेक्षित असतात. हजारो हेक्टरच्या मंडळासाठी दहा तुकडे. ते कुठे पडले यावर सगळे मंडळ तरते किंवा बुडते, आणि त्या जागा कशा निवडल्या, प्रयोग ठरल्या दिवशी झाला का, यावरून तंटे होतात. सगळे मंडळ एकसमान नजरेने पाहणारा साक्षीदार इथे हवाच. प्रयोगासाठी निवडलेली शेते मंडळाचे खरे प्रतिनिधित्व करतात की नाही, हे चित्रावरून आधीच ठरवता येते. माझ्या मते विम्यात दूरसंवेदनाचा सर्वात न्याय्य उपयोग हाच आहे.

पण थेट उत्पादनाचा आकडा चित्रातून काढणे वेगळे. २०२३ मध्ये ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा गेला, आणि सप्टेंबरात मराठवाड्यातले सोयाबीन पिवळ्या मोझॅकने ग्रासले. उपग्रहाला दिसते ते पिवळेपण. ते मोझॅकचे आहे, मूळकुजीचे आहे, पाण्याच्या ताणाचे आहे की लवकर येणाऱ्या वाणाचे नैसर्गिक पिकणे आहे, हे त्याला कळत नाही. याच्या उलटही घडते: शेंगा न धरलेले किंवा दाणा न भरलेले सोयाबीन बराच काळ हिरवेगार राहते, आणि निर्देशांक त्याला उत्तम पीक समजतो. शेतकरी ज्याला नुसता पाला म्हणतो त्याला यंत्र भरघोस म्हणेल. हा दोष लपवायचा नाही, मोजायचा आहे. आकड्यात चूक किती असू शकते ते मंडळनिहाय जाहीर करायचे, आणि ज्या हंगामात रोगाची साथ असेल त्या हंगामात प्रयोगांची संख्या वाढवायची. तंत्रज्ञान आले म्हणून प्रयोग कमी करण्याचा मोह प्रशासनाला होईल, कारण मनुष्यबळ अपुरे आहे. तिथेच घसरण सुरू होईल.

शेताच्या आकाराचाही प्रश्न आहे. चौकोनी एकरात दहा मीटरांचे पुष्कळ ठिपके निखळ त्या शेताचे असतात. पण वाटण्या होऊन वीस मीटर रुंदीची लांबच लांब पट्टी उरली असेल तर बहुतेक ठिपक्यांत बांध, शेजाऱ्याचे पीक, बांधावरची बाभळ असे काहीतरी मिसळते. मराठवाड्यात अशा पट्ट्या गावोगाव आहेत. याचा साधा अर्थ असा की उपग्रहाचे चित्र मंडळासाठी आणि गावासाठी पुरावा आहे, एकट्या शेतकऱ्याच्या पट्टीसाठी ते फार तर सूचना आहे. एकट्या शेतासाठी कमी उंचीवरून उडणारा ड्रोन लागेल, किंवा बांधावर उभा राहणारा माणूस.

दुष्काळ ठरवण्याच्या जुन्या रीतीत हा माणूसच सर्वस्व होता. नजर पैसेवारी, सुधारित पैसेवारी आणि अंतिम पैसेवारी, पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर कर्जवसुली आणि फी-माफी अवलंबून असे. डिसेंबरच्या मध्यावर अंतिम पैसेवारी लागेपर्यंत माणसे ऊसतोडीला निघून गेलेली असत. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पाऊस, पेरणीक्षेत्र, उपग्रहावरचा वनस्पती निर्देशांक, मातीतला ओलावा आणि जलस्थिती असे मापदंड आणले, आणि निर्देशांकाची तुलना त्याच जागेच्या मागील वर्षांशी करायला सांगितले. हा बदल योग्य दिशेचा आहे. डोंगरउतारावरचे सेनगावचे हलके रान आणि पूर्णेच्या कालव्याखालचे वसमतचे रान यांना एकच फूटपट्टी लावणे अन्यायाचे होते. प्रत्येकाला त्याच्याच इतिहासाशी ताडणे रास्त. मात्र कालव्याच्या, विहिरीच्या पाण्यावर तगलेली हळद आणि ऊस तालुक्याची सरासरी वर ओढतात आणि त्या हिरवाईखाली कोरडवाहू शेतकऱ्याचे जळालेले सोयाबीन झाकले जाते. संहितेत दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणीची तरतूद आहे ती याचसाठी. ही पाहणी कागदावर उरकली तर संहिता आंधळी होते.

जमिनीखालच्या पाण्यापाशी आल्यावर आकाशाची मर्यादा सर्वात स्पष्ट होते. ग्रेस नावाच्या जोडउपग्रहांनी २००२ ते २०१७ या काळात पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म बदल मोजून भूजलाचा मोठा ऱ्हास दाखवला आणि त्यांच्या पुढच्या जोडीने २०१८ पासून तेच काम चालवले आहे. उत्तर भारताच्या मैदानासाठी ते मोलाचे आहे. पण त्यांची नजर काही शे किलोमीटरांची. साडेचार हजार चौरस किलोमीटरांच्या आसपासचा हिंगोली जिल्हा तिच्यात वेगळा दिसतच नाही. आपल्या बेसाल्टात पाणी सलग पसरलेले नसते. ते झिजलेल्या मुरमात, दोन थरांमधल्या सांध्यात आणि भेगांत अडकलेले असते, म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि दोनशे फुटांवरचा बोअर कोरडा जातो. विमानी दूरसंवेदन इथे थोडे पुढे जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने केंद्रीय भूजल मंडळासाठी हेलिकॉप्टरखाली मोठी चौकट टांगून, तिच्यातून विद्युतचुंबकीय स्पंद सोडून जमिनीखालच्या थरांचे चित्र काढले, आणि त्या प्रायोगिक कामात नागपूर जिल्ह्यातले चंद्रभागा पाणलोटही होते. ओला मुरूम वीज सहज वाहू देतो, घट्ट काळा पाषाण देत नाही. पण चिकणमातीही वीज सहज वाहू देते आणि तिच्यातून पाणी मिळत नाही. तेव्हा चित्राचा अर्थ लावायला शेवटी विंधन विहिरीचा दाखला लागतोच.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम गेली कित्येक दशके चालले आहे आणि त्याची किंमत कोणत्याही उपग्रहापेक्षा कमी नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्यात हिंगोलीही होता, आयआयटी मुंबईच्या साहाय्याने गावनिहाय पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत बसवली गेली. पाऊस किती पडला, वाहून किती गेला, मातीत किती राहिला, पिकांनी किती घेतला. यातला पिकांचा भाग उपग्रह आज चांगला देऊ शकतो, पावसाचा भाग मंडळातल्या पर्जन्यमापकाकडून येतो, आणि जमिनीत मुरलेल्या भागाची खातरजमा विहिरीशिवाय कोणी करू शकत नाही. गावातल्या वीस विहिरींची पातळी महिन्यातून एकदा दोरी सोडून मोजायला शाळेची मुलेही पुरतात. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे, केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. विश्वाच्या दूरच्या टोकावरची सूक्ष्म थरथर टिपण्याची तयारी ज्या तालुक्यात होते आहे, तिथल्या प्रत्येक गावात विहिरीची वही असावी ही अपेक्षा मोठी नाही.

नकाशाच्या रंगांना नावे देण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्नही विसरता येणार नाही. वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठी आणि दहा टक्क्यांहून दाट छत्र असलेली कोणतीही जमीन वनाच्छादन ठरते, मग ती आमराई असली तरी. उलट हिंगोलीच्या डोंगराळ भागातले गवताळ माळ आणि गायराने या व्याख्येत बसत नाहीत आणि पडीक जमिनींच्या नकाशात जातात. त्या माळावर मेंढरे चरतात, काळवीट राहते, पावसाचे पाणी मुरते. पडीक म्हटले की तिथे झाडे लावा, सौरपट्ट्या बसवा, कारखाना काढा असे प्रस्ताव सुरू होतात. उपग्रहाने काही चुकीचे पाहिलेले नसते. त्याने विरळ झुडपे आणि हंगामी गवत पाहिले, नाव माणसाने दिले. अशा जागांची नावे ठरवताना तिथे जनावरे घेऊन जाणाऱ्याला विचारले पाहिजे.

भूकंपाच्या बाबतीत संयमानेच बोलले पाहिजे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात कित्येक वर्षे जमिनीतून आवाज येत आहेत. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. रडारची दोन चित्रे एकमेकांवर ठेवून जमीन सेंटिमीटरच्या अंशाने सरकली का हे पाहता येते, पण एवढ्या धक्क्यांचा पृष्ठभागावरचा परिणाम बहुधा त्या मोजणीच्याही खाली असतो. तिथे जवळपास बसवलेले भूकंपमापकच कामाचे. उपग्रहाकडून भविष्यवाणीची अपेक्षा कोणी करू नये.

राहिला खर्चाचा आणि तज्ज्ञतेचा आक्षेप. लँडसॅटची सारी चित्रे २००८ पासून मोफत आहेत, सेंटिनेलची पहिल्यापासून, इस्रोचे भुवन संकेतस्थळ २००९ पासून चालू आहे. चित्र पाहायला साधा संगणक पुरतो. कमतरता आहे ती ते चित्र मराठीत, गटक्रमांकांसह, गावाला वाचता येईल अशा रूपात आणून ठेवण्याची. राज्याच्या नागपूर केंद्राने प्रत्येक ग्रामपंचायतीला वर्षातून तीन नकाशे द्यावेत: मेअखेरचा पाण्याचा, सप्टेंबरचा पिकांचा, जानेवारीचा हळद-तूर-हरभऱ्याचा. त्यावर ठिपका किती गुंठ्यांचा आणि चूक किती टक्क्यांची हे ठळक लिहिलेले असावे. ग्रामसभेने तो भिंतीवर लावून वाचावा, जिथे चुकला तिथे तलाठी आणि कृषी सहायकाच्या समोर दुरुस्ती नोंदवावी, आणि ती दुरुस्ती पुढच्या नकाशात उतरली की नाही हे पाहावे. विम्याचा किंवा दुष्काळाचा निर्णय ज्या चित्रावर झाला ते चित्र निर्णयाआधी गावाला दिसलेच पाहिजे, असा नियम सरकारने करावा. तो होईपर्यंत हिंगोलीतल्या ग्रामपंचायतींनी सोयाबीनच्या काढणीआधीच्या ग्रामसभेत ठराव करून आपल्या गावाचा नकाशा मागावा, आणि तोवर गावातल्या विहिरींची पातळी लिहायला सुरुवात करावी.